बोरघाट फोडणारे हात

मुंबईहून पुण्यास निघालेली आगगाडी कर्जत सोडते, मागून जोरकस एंजिनें जोडलीं जातात आणि गाडी डोंगर चढूं लागते. डब्यांतील मुलें बोगदे मोजूं लागतात. वडील माणसें खिडकींतून दऱ्या, पावसाळ्यांतील धबधबे आणि दूरवरची नागफणी दाखवितात. थोड्याच वेळांत खंडाळें मागें पडतें, लोणावळें येतें, चिक्कीचीं पुडकीं विकत घेतलीं जातात आणि घाट विसरला जातो. प्रवास सुखाचा झाला म्हणजे वाट कोणीं केली हा प्रश्न सहसा कोणाच्या मनांत येत नाहीं. बोरघाटाच्या बाबतींत मात्र तो प्रश्न विचारण्यासारखा आहे. कारण या एका चढणीवर एके काळीं बेचाळीस हजार माणसें एकाच वेळीं राबत होतीं. आणि माणसावर कामाचा भार किती घालावा, तो कोणत्या रीतीनें घालावा व त्याचा परिणाम खुद्द कामावर काय होतो, याचा मोठा महाग धडा या डोंगरानें शिकविला आहे.

१८५३ सालच्या १६ एप्रिल रोजीं मुंबईहून ठाण्यास पहिली गाडी गेली. अंतर अवघें २१ मैलांचें. पुढल्याच वर्षीं रूळ कल्याणास पोंचले आणि १८५६ सालीं ते घाटाच्या पायथ्याशीं, खोपोलीस, येऊन थांबले. दुसऱ्या बाजूनें खंडाळें ते पुणें हा मार्ग १४ जून १८५८ रोजीं खुला झाला. मध्यें उभा होता तो सह्याद्रि. उतारूंना खोपोलीस उतरावें लागे, पालखींत, तट्टावर किंवा बैलगाडींत बसून घाट चढावा लागे आणि वर खंडाळ्यास पुन्हां गाडी गांठावी लागे. घाटांतला गाडीरस्ता सर जॉन माल्कम याच्या कारकीर्दींत, १८३० सालीं, झालेला होता. परंतु ज्या व्यापाऱ्यांना देशावरचा माल बंदरावर हवा होता, त्यांना बैलाच्या चालीनें समाधान कसें वाटावें?

ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे कंपनीचा मुख्य एंजिनियर जेम्स जॉन बर्कली हा होता. डोंगराची पाहणी करून त्यानें जो मार्ग आंखला, त्याचे आंकडे पाहिले म्हणजे कामाची कल्पना येते. चढणीचा पायथा समुद्रसपाटीपासून १९६ फूट उंचीवर आणि माथा २,०२७ फुटांवर. म्हणजे १,८३१ फूट उंची सुमारें १६ मैलांत चढावयाची. चढ सरासरीनें ४६ फुटांत एक फूट, आणि कांहीं ठिकाणीं तर ३७ फुटांत एक फूट. वाटेंत २५ बोगदे, त्यांची एकूण लांबी जवळजवळ ४,००० यार्ड. शिवाय दऱ्यांवरून नेणारे आठ मोठे कमानींचे पूल. एका ठिकाणीं तर डोंगराच्या कुशींत रूळ वळविण्यास जागाच मिळाली नाहीं. तेव्हां गाडी थांबवून एंजिन एका टोकाचें काढून दुसऱ्या टोकास लावावयाचें व उलट दिशेनें चढावयाचें, अशी योजना खंडाळ्याखालीं करावी लागली. ती १९२९ च्या सुमारास, नवा मार्ग होईपर्यंत, चालू होती.

१८५६ सालच्या १९ जानेवारीस कामास आरंभ झाला. कंत्राट विल्यम फेव्हिएल या इंग्रज मक्तेदारानें घेतलें होतें. मुंबई-ठाणें हा पहिला मार्ग बांधणाऱ्या दोन भागीदारांपैकीं हा एक. म्हणजे गृहस्थ नवखा नव्हता. परंतु ठाण्याची खाडी निराळी आणि सह्याद्रि निराळा.

सह्याद्रीचा खडक हा काळा पाषाण. डायनामाइटचा शोध लागावयास अद्यापि दहा वर्षांचा अवधि होता; दगड फोडावयास साधन काय तें सुरुंगाची दारू. भोंकें हातानें पाडावयाचीं. एकानें पहार धरावी, दुसऱ्यानें घण मारावा, प्रत्येक घावागणिक पहार थोडी फिरवावी, असें करीत हातभर खोल भोंक पडावयास किती घाव लागत असतील याचा हिशेब त्या हातांनाच ठाऊक. कित्येक कडे इतके सरळ तुटलेले होते कीं, पाय ठेवण्यास जागा नाहीं. तेथें माणसें माथ्यावरून दोरांनीं खालीं सोडीत. दोराला लोंबकळत त्यांनीं भोंक पाडावयाचें, दारू ठासावयाची, बत्ती द्यावयाची आणि वरच्यांनीं ओढून घेईपर्यंत कड्याशीं अंग चोरून राहावयाचें. दोर घासला गेला, बत्ती लवकर पोंचली किंवा वरच्या माणसाचें लक्ष क्षणभर चुकलें, तर खालीं शेंकडों फूट दरी होती.

बोगद्यांत निराळाच त्रास. धूर कोंडलेला, उजेड दिव्याचा, हवा अपुरी. बाहेर भरावाच्या कामावर स्त्रिया व मुलें पाट्या वाहात. घाटमाथ्यावरचे व कोंकणांतले कुणबी, दगडाच्या कामांत मुरलेले वडार आणि पाथरवट, चुन्यांत काम करणारे गवंडी, असे नाना जातींचे व नाना मुलखांचे लोक तेथें गोळा झाले होते. पुष्कळ जण कुटुंबकबिल्यासह आलेले. गवताच्या व पानांच्या झोंपड्या हेंच त्यांचें घर. उन्हाळ्यांत डोंगरावरचे झरे आटत आणि पाणी लांबून आणावें लागे. पावसाळ्यांत तोच डोंगर धारांनीं न्हाऊन निघे आणि उघड्यावरचें काम बंद पडे. म्हणून काम खरें आठ महिन्यांचें. आश्विनांत लोक यावयाचे आणि मृगाच्या पावसाबरोबर शेताकडे परतावयाचे. या आठ महिन्यांत वर्षाचें काम उरकावयाचें, हा मक्तेदाराचा निकड लावण्याचा पहिला हेतु.

दुसरा हेतु पैशाचा. कंपनी मक्तेदारास काम मोजून पैसे देई. मक्तेदार तेंच काम लहान मक्तेदारांस उक्तें देई, लहान मक्तेदार मुकादमांस देई आणि मुकादम आपल्या टोळीस. वरपासून खालपर्यंत जितक्या पायऱ्या, तितक्या ठिकाणीं पैसा अडावयाचा. आणि जेथें तो अखेर पोंचावयाचा, त्या माणसाजवळ मात्र शिल्लक अशी कांहींच नाहीं. घर सोडतांना घेतलेली उचल मुकादमाच्या वहींत मांडलेली, बाजारांत वाण्याची उधारी वाढत चाललेली, आणि हजेरीचा पैसा आज येईल, उद्यां येईल या वायद्यावर. मापांत खोड काढली, हजेरी बुडविली, तर दाद कोणाकडे मागावयाची? भाषा निराळी, साहेब दूर आणि मुकादम जवळ.

अशा स्थितींत माणूस काम करतो खरा. परंतु त्याच्या मनावर एकाच वेळीं तीन ओझीं असतात. एक अंगमेहनतीचें, दुसरें जिवाच्या धोक्याचें आणि तिसरें उद्यांच्या भाकरीचें. पहिल्या दोहोंची त्याला संवय असते. दगडाशीं ज्याची पिढीजात गांठ, तो सुरुंगाला भीत नाहीं. परंतु तिसरें ओझें वाहावयास लागलें कीं, पहिलीं दोनहि असह्य होतात. १८५९ सालच्या जानेवारींत बोरघाटावर हेंच घडलें. थकलेल्या मजुरीवरून असंतोष धुमसत होता. तो एके दिवशीं भडकला आणि मजुरांनीं गोऱ्या देखरेख्यांवर हल्ला केला. सत्तावन्नच्या उठावाची धग अजून पुरती विझलेली नव्हती. सरकारास प्रथम भीति वाटली ती बंडाचीच. परंतु चौकशी झाली तेव्हां बंडाच्या जागीं दिसलें तें मजुरीचें गाऱ्हाणें. त्याच वर्षीं फेव्हिएलनें कंत्राट सोडून दिलें.

या दंग्याचा एक परिणाम दूरवर गेला. रेल्वे व इतर सार्वजनिक कामांवरील मालक आणि मजूर यांच्यांतील तंटे मॅजिस्ट्रेटानें चटकन् तोडावे, असा कायदा १८६० सालीं झाला. थकलेल्या मजुरीसाठीं दाद मागण्याची सोय त्यांत होती, हें खरें. परंतु त्याच कायद्यानें करार मोडून काम सोडणाऱ्या मजुरास शिक्षेचीहि तरतूद केली. आदल्याच वर्षीं, १८५९ सालीं, उचल घेऊन काम टाकणाऱ्या कारागिरास व मजुरास तुरुंगांत पाठविण्याचा निराळा कायदा झालेला होताच. मालकानें पैसे थकविले तर तो दिवाणी व्यवहार आणि मजुरानें काम टाकलें तर तो गुन्हा, असा हा न्याय. हे दोन्ही कायदे विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत रद्द झाले. म्हणजे सुमारें दोन पिढ्यांहून अधिक काळ ते कामगाराच्या डोक्यावर टांगते होते.

दंग्याच्या पाठोपाठ पटकी आली. १८५९-६० च्या हंगामांत घाटावरच्या वस्त्यांत तिनें कहर केला. पटकी दूषित पाण्यानें पसरते हें जॉन स्नो या डॉक्टरानें लंडनमध्यें १८५४ सालीं दाखवून दिलें होतें. परंतु वैद्यकांतल्या थोरांनाच तें अजून पटलेलें नव्हतें. पटकीचा जंतु रॉबर्ट कॉख यानें इजिप्तमध्यें व कलकत्त्यास ओळखला तो पुढें पंचवीस वर्षांनीं. हजारों माणसें, एकाच ओढ्याचें आटत चाललेलें पाणी, जवळजवळ दाटलेल्या झोंपड्या आणि दिवसभराच्या श्रमानें झिजलेलीं शरीरें: रोगास याहून सोयीची जागा कोणती? या घाटाच्या बांधणींत एकूण किती जीव गेले याचे अंदाज निरनिराळे असले, तरी ते सारे हजारांच्या घरांतले आहेत. आणि त्यांतले बहुतेक कड्यावरून पडून किंवा सुरुंगानें गेलेले नव्हेत, रोगानें गेलेले.

मृत्यूनें मालक आणि मजूर असा भेद केला नाहीं. फेव्हिएलच्या जागीं सॉलोमन ट्रेडवेल हा मक्तेदार विलायतेहून आला आणि हिंदुस्थानच्या भूमीवर पाऊल ठेवल्यावर थोड्याच दिवसांत मरण पावला. त्याची पत्नी ॲलिस ट्रेडवेल हिनें मात्र परत जहाज धरलें नाहीं. अॅडमसन आणि क्लाउझर या दोन एंजिनियरांच्या हातीं व्यवस्था देऊन तिनें पतीचें कंत्राट पुढें चालविलें. या कामाचीं छायाचित्रें तिच्या नांवावर आहेत, आणि बोरघाटाची बांधणी आज डोळ्यांनीं पाहावयास मिळते ती त्यांच्यामुळें. अर्धवट कमानी, लाकडी पराती, उघडे पडलेले कडे, आणि त्यांच्या पायाशीं मुंगीएवढीं दिसणारीं माणसें.

१८६१ च्या जानेवारींत कामावरील माणसांची संख्या ४२,००० वर गेली. एवढी माणसें म्हणजे त्या काळीं एक चांगलें शहरच. अखेर २१ एप्रिल १८६३ रोजीं मुंबईचा गव्हर्नर सर बार्टल फ्रियर याच्या हस्तें घाट खुला झाला. बर्कली तो पाहावयास उरला नव्हता. आदल्या वर्षींच, ऐन त्रेचाळिशींत, तो विलायतेस वारला होता. कामाची त्या वेळीं जगभर वाहवा झाली, आणि ती योग्यच होती.

परंतु कथेचा शेवट येथें होत नाहीं. चारच वर्षांनीं, १८६७ च्या पावसाळ्यांत, याच घाटांतला एक मोठा कमानींचा पूल कोसळला. चौकशींत बांधकामाचे दोष उघडकीस आले. रेल्वेच्या इतर पुलांचीहि मग तपासणी झाली आणि कित्येक ठिकाणीं दगडकाम कच्चें आढळलें. बाहेरून घडीव दगडांचा देखणा तोंडवळा, आणि आंत मात्र वेडीवांकडी भर व निकस चुना, हा प्रकार गवंडीकामांत नेहमींचाच. तो करणाऱ्या गवंड्यास दोष देणें फार सोपें असतें. त्यानें चुना नीट मुरूं दिला नाहीं, दगडास दगडाची सांध नीट बसविली नाहीं, हें खरेंच. परंतु ज्याचे पैसे घनफुटावर मोजले जातात, ज्याच्या पाठीशीं पावसाळ्याची घाई उभी असते, ज्याच्या टोळींतले मुरलेले हात रोगानें गेलेले असतात आणि त्यांच्या जागीं कालपर्यंत नांगर धरणारा मनुष्य आलेला असतो, त्याच्या हातून भिंतीच्या पोटांतलें काम कसें व्हावें? जें डोळ्यांस दिसतें तेंच नीटनेटकें करण्याचें शिक्षण त्याला सारी व्यवस्थाच देत असते.

याच सुमारास विलायतेंत एक वाद रंगला होता. मजुरी जेथें स्वस्त तेथें काम स्वस्त पडतें कीं काय, हा तो वाद. जगभर रेल्वे बांधणाऱ्या टॉमस ब्रॅसी या मक्तेदाराच्या मुलानें १८७२ सालीं काम आणि मजुरी या विषयावर एक ग्रंथ लिहिला आणि पित्याच्या जमाखर्चाच्या वह्यांवरून उत्तर दिलें कीं, तसें नाहीं. हिंदुस्थानांतल्या मजुराची दिवसाची मजुरी इंग्रज मजुराच्या कित्येक पट कमी. परंतु मातीकामाचा एकूण खर्च मात्र दोन्ही देशांत फारसा निराळा येत नाहीं. कारण अर्धपोटीं माणूस कामहि तेवढेंच करतो. १८४० नंतर पॅरिस ते रुआँ हा मार्ग बांधतांना हाच अनुभव आला होता. इंग्रज मजूर फ्रेंच मजुराच्या पुष्कळ पुढें असे. परंतु फ्रेंच मजुरास तसेंच भरपूर अन्न व तशींच अवजारें मिळूं लागल्यावर अंतर कमी होत गेलें. म्हणजे फरक जातीचा किंवा रक्ताचा नव्हता. तो ताटाचा होता. बोरघाटावरच्या कित्येक साहेबांनीं ‘नेटिव मजूर आळशी’ असा शेरा मारला असेल. त्याचें उत्तर एका इंग्रज मक्तेदाराच्या जमाखर्चानेंच दिलें, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे.

पुढें शास्त्रानें या अनुभवास आधार दिला. पहिल्या महायुद्धांत दारूगोळ्याच्या कारखान्यांतून कामगारांना आठवड्याचे साठ-सत्तर तास राबवीत. १९१५ सालीं ब्रिटिश सरकारनें त्यांच्या आरोग्याच्या चौकशीस समिति नेमली. तिच्या पाहणींत असें दिसून आलें कीं, तास कमी केल्यानें माल कमी निघत नाहीं. कित्येकदां तो अधिकच निघतो. थकलेला हात चुका करतो, नासधूस करतो आणि स्वतःलाहि इजा करून घेतो. ताणाविषयींचा विचार त्यापुढेंहि गेला. १९७९ सालीं रॉबर्ट कारासेक या अमेरिकन अभ्यासकानें असें मांडलें कीं, केवळ काम फार म्हणून माणूस खचत नाहीं. काम फार आणि त्या कामावर स्वतःचा ताबा मात्र कांहींच नाहीं, अशी जोडी जमली म्हणजे तो खचतो. कोणतें काम आधीं करावें, केव्हां थांबावें, धोका दिसला तर नको म्हणावें, यांतलें कांहींच ज्याच्या हातीं नाहीं, त्याचा ताण सर्वांत मोठा. कड्यावर दोरास लोंबकळणाऱ्या माणसाला हें कळावयास शास्त्राची गरज नव्हती. दोर दुसऱ्याच्या हातांत, माप दुसऱ्याच्या हातांत आणि मजुरीहि दुसऱ्याच्या हातांत.

कायदाहि हळूहळू शहाणा झाला. कामावर इजा झाल्यास भरपाई मिळावी असा कायदा हिंदुस्थानांत १९२३ सालीं झाला. स्वतंत्र भारतांत, १९९६ सालीं, इमारत व इतर बांधकामांवरील मजुरांसाठीं खास कायदा झाला. त्यांच्या कल्याणासाठीं बांधकामाच्या खर्चावर उपकर बसविला गेला. बोरघाटाच्या काळाशीं ताडून पाहतां हें अंतर लहान नव्हे. कोंकण रेल्वेच्या बांधणींत ज्यांनीं प्राण वेंचले, त्यांच्यासाठीं रत्नागिरीस श्रमशक्ति स्मारकहि उभें राहिलें. तरीसुद्धां मोठ्या शहरांतल्या कोणत्याहि उंच इमारतीच्या परातीवर नजर टाकली, तर उक्तें काम, मुकादमाची उचल, पत्र्याच्या खोल्या आणि थकलेली हजेरी हे शब्द अजून जुने झालेले नाहींत हें ध्यानांत येतें.

बोरघाटांत खोपोलीच्या रस्त्यावर शिंगरोबाचें लहानसें देऊळ आहे. साहेबांना घाटाची वाट सांपडेना, तेव्हां ती एका धनगरानें दाखविली, अशी आख्यायिका त्या भागांत सांगतात, आणि घाट चढणारे वाहनचालक तेथें भक्तिभावानें नमस्कार करतात. आख्यायिकेचा खरेखोटेपणा इतिहासानें ठरवावा. परंतु लोकांच्या मनानें हें देऊळ जपलें यांत एक शहाणपण आहे. एंजिनियराचें नांव ग्रंथांत राहिलें, गव्हर्नराचें नांव समारंभाच्या वृत्तांतांत राहिलें, मक्तेदाराचें नांव कंत्राटाच्या कागदांत राहिलें. डोंगरावरच्या माणसाची आठवण ठेवावयास लोकांना एका धनगराचा दगड पुरला.

गाडी बोगद्यांत शिरते आणि डब्यांत क्षणभर अंधार होतो. ज्या कातळांतून ती जाते, त्यावरची पहिली पहार कोणीं तरी हातानें धरली होती, आणि त्या हाताची मजुरी कदाचित् थकलेली होती. पुढच्या क्षणीं उजेड येतो, मुलें पुढला आंकडा मोजतात. त्यांना त्या आंकड्याबरोबर ही दुसरी मोजदादहि कोणीं सांगितली, तर प्रवास कांहीं कमी रम्य होणार नाहीं.